एका यंत्रावर अनेक बिऱ्हाडे

संगणकासमोर बसताच यंत्र आपले नाव विचारते, परवलीचा शब्द मागते आणि आपण जरा वेळ उठून गेलो की पडद्याला कुलूप घालते. यंत्र एकट्याचेच असते, तर या रिवाजाची फारशी गरज पडली नसती. तो जन्मास आला एका यंत्रावर अनेकांनी बिऱ्हाड केले म्हणून. आणि त्याच्या कित्येक दुखण्यांचे मूळही तेथेच सापडते.

नोव्हेंबर १९६१ मध्ये अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांचे सहकारी यांनी सी.टी.एस.एस. ही कालविभाजनाची पद्धती चालवून दाखविली. एकच यंत्र क्षणाक्षणाला निरनिराळ्या माणसांचे काम हाती घेई. प्रत्येकास मात्र ते आपल्याच दिमतीस आहे असे भासे. ज्याचे दप्तर त्याच्यापाशी राहावे म्हणून परवलीचा शब्द आला. तो फुटण्यास वेळ लागला नाही. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्यास वाट्याचे तास अपुरे पडत. १९६२ मध्ये त्याने परवलीच्या शब्दांची फाइलच छापून मागितली, आणि यंत्राने ती बिनबोभाट छापून दिली!

याहून बोलकी घटना त्याच दशकातील आहे. दोन व्यवस्थापक एकाच वेळी काम करीत होते. एक परवलीच्या शब्दांची फाइल दुरुस्त करीत होता, दुसरा त्या दिवसाची सूचना लिहीत होता. एका दप्तरात एका वेळी एकच माणूस लिहील, असे संपादनाचा कार्यक्रम रचणाऱ्याने गृहीत धरले होते. म्हणून कच्च्या मसुद्याला नेहमी एकच नाव मिळे. दोन्ही मसुद्यांची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या टंकयंत्रावर सर्वांचे परवलीचे शब्द उमटू लागले. कुलूप दुबळे नव्हते. कुलूप करणाऱ्याने घरात एकच माणूस कल्पिला होता. पुढे १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस व केन थॉम्प्सन यांनी युनिक्सवरील आपल्या निबंधात हा प्रसंग आवर्जून सांगितला. यंत्राने मूळ शब्द साठवूच नये, त्याचे उलगडता न येणारे रूप तेवढे ठेवावे, असा त्यांचा मार्ग होता.

तीच चूक अर्ध्या शतकानंतर निराळ्या वेषात भेटते. १९९१ साली जन्मलेल्या लिनक्समध्ये एका पडद्यामागे अनेक आभासी टर्मिनले असतात. कळ दाबून एकावरून दुसऱ्यावर जाता येते. मात्र एका यंत्राला एकच पडदा व एकच कळफलक, हे त्यात गृहीत होते. ब्राझीलमधील पाराना राज्याच्या शाळांत एका यंत्राला चार पडदे जोडून चार विद्यार्थी बसविण्यात आले, आणि २०१२ च्या फेडोरा १७ मध्ये अशा बैठकांची व्यवस्था बरीचशी आपोआप होऊ लागली. परंतु आभासी टर्मिनले राहिली फक्त पहिल्या बैठकीची, ‘सीट-शून्य’ची. काही कुलुपे, उदाहरणार्थ लाइट-लॉकर, लॉगिनचा पडदा दुसऱ्या टर्मिनलवर दाखवून काम साधतात. ज्या बैठकीला टर्मिनलच नाही, तेथे त्यांचा डाव फसतो. अशा ठिकाणी आपल्याच सत्रात पडद्यावर आच्छादन घालणारे कुलूप निवडावे. सत्र कोणत्या बैठकीचे आहे, ते लॉगिनसीटीएल ही आज्ञा सांगते.

कळफलकाचे दुखणे याहून नाजूक. यंत्र बैठकीची नोंद ठेवते ती कळफलक कोणत्या खाचेत आहे त्यावरून. झाडलोट करताना तो उपटून भलत्याच खाचेत बसविला आणि त्या खाचेची वाटणी झालेली नसली, की तो सीट-शून्यच्या पदरात पडतो. मग दुसऱ्या बैठकीवरचा मनुष्य आपल्या कुलूपबंद पडद्याकडे पाहत परवलीचा शब्द टंकित राहतो, आणि तो उमटतो शेजाऱ्याच्या उघड्या पत्रात! अशा वेळी लॉगिन बिघडले म्हणून यंत्र नव्याने रचण्यापूर्वी मेजाखाली वाकून पाहावे, कळफलक मूळ खाचेत लावावा आणि परवलीचा शब्द मात्र त्याच दिवशी बदलावा.