एका टिंबामागे दडलेल्या फाइली

धागा : एखादे संकेतस्थळ एका होस्टिंग कंपनीकडून दुसरीकडे हलवले जाते. सगळ्या फाइली उतरवून नव्या जागी चढवल्या जातात. मुखपृष्ठ व्यवस्थित उघडते. पण आतल्या कोणत्याही लेखावर टिचकी मारली की समोर ‘४०४’. कधी याहून वाईट घडते. जो फोल्डर कालपर्यंत पासवर्डशिवाय उघडत नव्हता, तो आज कोणालाही उघडता येतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. दोन्हींचे मूळ बहुधा एकाच लपलेल्या फाइलीत असते. ती लपते का, हे समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागते.

१९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची उभारणी सुरू केली. पुढे फाइलींची रचना फोल्डरात फोल्डर अशी झाली, तेव्हा प्रत्येक फोल्डरात दोन खास नोंदी आल्या : एक टिंब म्हणजे ‘हाच फोल्डर’ आणि दोन टिंबे म्हणजे ‘याच्या वरचा फोल्डर’. फाइलींची यादी दाखवणाऱ्या ‘एलएस’ या आज्ञेत या दोन नोंदी दर वेळी उगाच दिसू लागल्या. त्या वगळण्यासाठी नावाचे पहिले अक्षर टिंब आहे का, एवढेच तपासले गेले. पूर्ण नाव तपासण्याचे कष्ट वाचले. परिणाम असा, की टिंबाने सुरू होणारी कोणतीही फाइल यादीतून गायब झाली.

ही हकीकत रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिली. ते स्वतः १९८० साली या प्रयोगशाळेत दाखल झाले, म्हणजे साधन म्हणून ती उत्तरकालीन आठवण ठरते. परंतु तिला दुजोरा देणारा पुरावा आजही प्रत्येक लिनक्स संगणकावर चालू आहे. लपलेली फाइल ही योजनापूर्वक केलेली सोय नव्हती, ती चूक होती, असे पाइक यांचे स्पष्ट मत आहे.

चूक रूढ झाली की तिची परंपरा बनते. प्रोग्राम आपापल्या मांडणीच्या फाइली टिंबाआड ठेवू लागले. १९९३ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील एनसीएसए या केंद्रात रॉब मकूल यांनी वेब सर्व्हर लिहिला. एखाद्या फोल्डरात कोणाला प्रवेश द्यायचा, हे सांगणारी छोटी फाइल त्याच फोल्डरात ठेवता येण्याची सोय त्यात होती. तिचे नाव ‘.एचटीअ‍ॅक्सेस’. मकूल १९९४ मध्ये तेथून बाहेर पडल्यावर काम थंडावले. तेव्हा ठिकठिकाणच्या जाणकारांनी आपापल्या दुरुस्त्या एकत्र केल्या आणि १९९५ मध्ये अपाची सर्व्हर उभा राहिला. वर्षभरातच तो जगात सर्वाधिक वापरला जाणारा सर्व्हर झाला आणि ती फाइलही त्याच्याबरोबर सर्वत्र पोहोचली.

तिचे खरे महत्त्व वाढले ते भाड्याच्या होस्टिंगमुळे. ब्राउझरने आपल्याला कोणते संकेतस्थळ हवे आहे त्याचे नाव सर्व्हरला सांगावे, हा नियम १९९७ च्या एचटीटीपी १.१ मध्ये आला आणि एका यंत्रावर, एकाच आयपी पत्त्यावर, शेकडो संकेतस्थळे नांदू लागली. मुख्य मांडणी प्रत्येक भाडेकरूच्या हाती देणे शक्य नव्हते. मग मधला मार्ग हाच : भाडेकरूने आपल्या हद्दीपुरते नियम या फाइलीत लिहावेत. त्यातले कोणते मानायचे, हे मात्र यंत्राचा मालक ‘अलाउओव्हरराइड’ या ओळीने ठरवणार. वतन आणि सनद यांचे नाते अभ्यासलेल्यांना ही रचना परकी वाटू नये. हद्दीत हुकूम चालतो, पण सनदेपुरताच.

राल्फ एंगेलशाल यांनी १९९६ मध्ये लिहिलेल्या ‘मॉडरीराइट’ने या फाइलीला पत्ते बदलण्याचे सामर्थ्य दिले. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसने लेखांचे सुटसुटीत पत्ते त्यावरच बेतले आणि अपाचीवर असताना ते आपले नियम या फाइलीत परस्पर लिहू लागले. त्यामुळे असंख्य लोकांची संकेतस्थळे त्यांनी कधीही न पाहिलेल्या फाइलीवर उभी राहिली. स्थलांतरात हीच मागे राहते, कारण युनिक्सच्या कवचात ‘सर्व फाइली’ असे सांगणारी तारांकित खूण टिंबवाल्या फाइली धरत नाही. सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्येही लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो.

या सोयीची किंमत होतीच. दर विनंतीला अपाची मार्गातल्या प्रत्येक फोल्डरात ही फाइल आहे का ते शोधतो. इगोर सिसोयेव यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एनजिनएक्सने ती पद्धत स्वीकारलीच नाही; तेथे सगळे नियम मुख्य मांडणीतच. २०१२ च्या अपाची २.४ मध्येही मालकाने मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय ही फाइल वाचली जात नाही. दोन्ही ठिकाणी धोका सारखाच : पासवर्डचा नियम दुर्लक्षित होतो आणि त्याची सूचना कोणालाच मिळत नाही. एनजिनएक्सवर स्वतंत्र बंदी नसेल, तर कोणी मागितल्यास ती फाइलच मजकूर म्हणून हाती पडते. म्हणून होस्ट निवडताना जागा किती आणि दर काय यांच्याआधी विचारण्याचा प्रश्न आहे : सर्व्हर कोणता? अपाची असल्यास सनद कितपत? लाइटस्पीडला अपाचीचे नियम बरेचसे कळतात. एनजिनएक्स असल्यास ते कोणाकडून आणि कसे लिहून मिळतील?

यातली सर्वांत मोठी गफलत ‘लपलेली’ या शब्दातच आहे. टिंब फाइलीला यादीतून, म्हणजे मालकाच्या नजरेतून लपवते. ब्राउझरला ते टिंब अडवत नाही. अपाचीच्या मूळ मांडणीतली बंदी केवळ ‘.एचटी’ने सुरू होणाऱ्या नावांना लागू आहे. डेटाबेसचा पासवर्ड असलेली ‘.एन्व्ही’ किंवा कोडचा सारा इतिहास बाळगणारा ‘.गिट’ फोल्डर त्या बंदीत येत नाही. लाराव्हेलसारख्या चौकटीत ‘.एन्व्ही’ सार्वजनिक फोल्डरच्या एक पायरी वर असते. स्वस्त होस्टिंगवर घाईत सगळेच ‘पब्लिकएचटीएमएल’मध्ये ओतले जाते आणि ती पायरी नाहीशी होते. स्थलांतरानंतर स्वतःच्या पत्त्यापुढे ‘.एन्व्ही’चे आणि ‘.गिट’ फोल्डरात असलेल्या एखाद्या फाइलीचे नाव ब्राउझरात लिहून पाहायला दोन मिनिटे पुरतात. ‘४०३’ किंवा ‘४०४’ दिसले तर ठीक. मजकूर दिसला, तर त्यातले सर्व पासवर्ड त्याच क्षणी बदलायचे.