मात्रेचे सात भाग कुठे बसवायचे? लयकारी, स्वरलिपी आणि सॉफ्टवेअरचा इतिहास

स्वरलेखनाचं कुठलंही नेहमीचं सॉफ्टवेअर उघडा. एका मात्रेचे दोन, चार किंवा आठ भाग करायचे असतील तर एक बटण दाबलं की काम झालं. तीन करायचे असतील तर त्यासाठी वेगळी सोय शोधावी लागते. पाच-सात भाग हवे असतील तर गुणोत्तर द्या, मग स्वरांवर कंस आणि कंसावर आकडा येतो. या कंसाला पाश्चात्त्य संगीतात ‘ट्यूप्लेट’ म्हणतात, आणि पाच-सातचे ट्यूप्लेट ‘अनियमित’ समजले जातात.

आता निगडी-चिंचवडमधल्या एखाद्या तबल्याच्या वर्गात डोकावा. परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी वहीत तीनतालाची आड, कुआड, बिआड लिहीत असतो. दोन मात्रांत तीन बोल म्हणजे आड. चार मात्रांत पाच बोल म्हणजे कुआड आणि चार मात्रांत सात म्हणजे बिआड. अवघड आहे, पण अभ्यासक्रमातलंच आहे. मग एकच गोष्ट वहीत नेहमीची आणि स्क्रीनवर अपवाद कशी ठरते? माझ्या मते उत्तर संगीतात नाही, लिपीच्या इतिहासात आहे.

दोन विष्णू, दोन लिपी

विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. एका गुरूसमोर एक शिष्य, ही पद्धत जाऊन वर्ग आला. वर्ग आला म्हणजे पुस्तक आलं, आणि पुस्तक आलं की लिपी लागणारच. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली तो किती काळ टिकतो याची खूण असते. अर्ध्या मात्रेची खूण वेगळी, पावची वेगळी, एक तृतीयांशाचीही वेगळी. वाचताना संदिग्धता राहत नाही. पण तत्त्वतः प्रत्येक नव्या हिश्श्याला नवी खूण शोधावी लागते.

विष्णु नारायण भातखंडे यांनी दुसरी वाट धरली. त्यांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत स्वराला स्वतःची कालखूण नाही. एका मात्रेत जेवढे स्वर येतात, त्या सगळ्यांखाली एक अर्धचंद्र काढायचा. आत दोन असोत, पाच असोत की सात, सगळ्यांना सारखी वाटणी. म्हणजे भातखंडे लिपीतली प्रत्येक मात्रा मुळातच ट्यूप्लेट आहे. तिथे ‘अनियमित’ असं काही उरतच नाही.

उदाहरण पाहू. तीनतालाचे १६ बोल आडमध्ये लिहून समेवर यायचं आहे. १६ भागिले दीड म्हणजे १० पूर्णांक दोन तृतीयांश मात्रा. म्हणून सुरुवात ५ पूर्णांक एक तृतीयांश मात्रा सोडून करायची. प्रत्येक मात्रेचे तीन भाग पाडायचे आणि दर दोन भागांवर एक बोल ठेवायचा. सहाव्या मात्रेचा पहिला भाग रिकामा, मग ‘धाऽ’. सातव्या मात्रेत ‘धिंऽधिं’, आठवीत ‘ऽधाऽ’, असं पुढे. कुआडला हेच गणित पाच भागांनी करायचं, दर चार भागांवर एक बोल. बिआडला सात भाग, तिथेही दर चारवर एक. गणित वाढतं, पण चिन्ह एकही वाढत नाही.

पाश्चात्त्य लिपी या बाबतीत पलुस्करांच्या जवळची आहे. तिथे काळ स्वराच्या चिन्हातच असतो, आणि आजची चिन्हं निम्म्या-निम्म्याने उतरतात. अमेरिकन संगीतकार हेन्री कॉवेल यांनी ‘न्यू म्युझिकल रिसोर्सेस’ (१९३०) या पुस्तकात तृतीयांश, पंचमांश वगैरेंसाठी वेगवेगळ्या आकारांच्या नोटा सुचवल्या. म्हणजे प्रत्येक हिश्श्याला स्वतःचं चिन्ह. ती सूचना रुळली नाही. कंस आणि आकडाच टिकला.

भोसरीतलं डिव्हायडिंग हेड

संगणक आला तेव्हा त्याने हाच वारसा उचलला. १९८८ साली आलेलं ‘फिनाले’ एका पाव-नोटेचे १०२४ भाग धरायचं. १०२४ म्हणजे दोनचा दहावा घात, त्याला तीननेही पूर्ण भाग जात नाही. मिडी फायलींत सर्रास दिसणारा आकडा ४८० आहे. त्याचे तीन भाग केले तर १६०, पाच केले तर ९६. सात मात्र बसत नाहीत. चार तुकडे ६९चे आणि तीन ६८चे करावे लागतात.

आपल्या पट्ट्यातल्या वाचकांना हे लगेच कळेल. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड असतं. हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. जॉबचे सात समान भाग करायचे तर प्रत्येक वेळी ५ फेरे आणि वर ५/७ फेरा. २० भोकांच्या वर्तुळावर हे जमत नाही. २१ भोकांचं घेतलं की ५ फेरे आणि १५ भोकं, काम चोख. म्हणून सात हा आकडा ‘अनियमित’ आहे असं कोणी फिटर म्हणत नाही. तो प्लेट बदलतो.

सॉफ्टवेअरमधली प्लेट सहसा दिसत नाही, अडचण तिथे आहे. सॉफ्टवेअरांमध्ये देवाणघेवाणीसाठी ‘म्युझिकएक्सएमएल’ हा फॉरमॅट वापरतात. त्यात ट्यूप्लेटसाठी दोन रकाने आहेत: ‘ॲक्च्युअल नोट्स’ आणि ‘नॉर्मल नोट्स’. कुआड लिहिली तर पाच ‘ॲक्च्युअल’ आणि चार ‘नॉर्मल’. नॉर्मल काय, हे रकान्याच्या नावानेच ठरवून टाकलं!

संशोधनाला याचं काय?

एक: नावावर विसंबू नका, गुणोत्तर लिहा. काही परंपरांत कुआड म्हणजे ५/४, तर काहींत ‘आडाची आड’, म्हणजे ९/४. बिआडही कुठे ७/४, कुठे २७/८. प्रबंधात नुसतं ‘कुआड’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला काहीच ठामपणे कळत नाही.

दोन: लिहिण्याचा निर्णय नोंदवून ठेवा. कुआड तुम्ही प्रत्येक मात्रेचे पाच भाग करून, बोल पुढच्या मात्रेत ओढून लिहू शकता. किंवा चार मात्रांवर एकच मोठा कंस टाकून आत पाच बोल सरळ ठेवू शकता. कानाला दोन्ही एकच. पण पहिल्यात वादक मात्रा फोडतो आहे असं दिसतं, दुसऱ्यात तो चार मात्रांवर नवी लय अंथरतो आहे असं. उद्या कोणी संगणकाने या फायलींची तुलना केली, तर एकच बंदिश दोन वेगळ्या म्हणून मोजली जाऊ शकते.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं: मूळ ध्वनिमुद्रण जपा. गणपतीच्या आधी पिंपरी-चिंचवडमध्ये ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. समजा, तुम्ही ताशाचं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतलं आणि मात्रेला चार भागांची ग्रिड लावली. मधले सगळे ठोके जवळच्या पावावर सरकवले जातील. मग तुम्ही निष्कर्ष काढाल की ताशात चाराचेच भाग असतात. तो निष्कर्ष ताशाचा नाही, ग्रिडचा आहे. रेकॉर्डिंग हाताशी नसेल तर हे नंतर कुणालाच तपासता येणार नाही, आणि ज्या वादनाची दुसरी लेखी नोंद नाही त्याची हीच चुकीची नोंद मागे राहील.

तुमचा विषय संगीत नसला तरी सर्व्हेचे फॉर्म, जनगणनेचे रकाने, दवाखान्याच्या नोंदी, सगळीकडे हे लागू आहे. डेटामध्ये काही ‘अपवाद’ म्हणून वेगळं पडलेलं दिसलं, की आधी तो रकाना कोणी, कधी आणि कशासाठी आखला ते शोधा. पुष्कळदा प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथेच सापडतं.