मोगल फौजेच्या माघारीनंतरचे स्वराज्य (१७०७-१७३१)

१७०७ साली अहमदनगरनजीक औरंगजेब बादशहाचे निधन झाले आणि पाव शतक दक्षिणेत तळ ठोकून असलेल्या मोगलांच्या मुख्य फौजेने उत्तरेची वाट धरली. वाटेत शाहजादा आझमने शाहू महाराजांना कैदेतून मुक्त केले. मातोश्री येसूबाईंना मात्र ओलीस ठेवले. इकडे ताराबाई आपल्या पुत्राच्या नावे राज्य करीत होत्या. गादी कोणाची, ह्या प्रश्नाने सरदार दुभंगले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी पुण्याच्या उत्तरेस खेड (आजचे राजगुरुनगर) येथे मराठी सैन्येच परस्परांसमोर ठाकली. सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले व १७०८ साली साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. कोल्हापुरास दुसरी गादी निर्माण झाली. हा तंटा मिटण्यास १७३१ चा वारणेचा तह व्हावा लागला.

अफगाणिस्तानातही असेच घडले. १९८९ साली सोव्हिएत फौजा परतल्या. १९९२ साली नजीबुल्ला सरकार कोसळताच विजयी गट काबूलमध्ये आपसांत लढले.

परकी फौज गेल्याने शत्रू दूर होतो, पण परस्परविश्वास आपोआप निर्माण होत नाही. पोप तेविसावे जॉन ह्यांनी १९६३ सालच्या ‘पाचेम इन तेर्रिस’ ह्या परिपत्रकात सत्य, न्याय, प्रीती व स्वातंत्र्य हे शांतीचे आधार सांगितले, ते ह्याचसाठी.