कोडॅक, कारकून आणि पिंपळावरचा मुंजा

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरातला इतिहास-संशोधनाचा वार्षिक कार्यक्रम आहे. सौभाग्यवती संशोधन करतात आणि मी शिडी धरतो. यंदाच्या उत्खननात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून एक काळी, राखी झाकणाची प्लॅस्टिकची डबी निघाली. माझ्या वयाच्या वाचकांना ही डबी समजावून सांगायला नको. कॅमेऱ्याचा रोल हिच्यातून यायचा आणि रोल बाहेर पडला की डबी संसारात रुजू व्हायची. प्रवासात वेलदोडे, देव्हाऱ्यात कुंकू, शिवणाच्या डब्यात बटणं. कोडॅक कंपनीनं जगाला काय दिलं, असं आमच्या आईला कुणी विचारलं असतं, तर तिनं बिनदिक्कत 'डब्या' असं उत्तर दिलं असतं.

"वेलदोडे असतील. किडलेत का बघा," वरून हुकूम आला.

मी झाकण उघडलं. आत रोल होता. पुरता काढलेला, पण न धुतलेला. डबीवर चिकटपट्टी आणि तिच्यावर अण्णांचं टपोरं अक्षर : 'गणपतीपुळे, २००३. ३६ पैकी ३६.'

अण्णा म्हणजे आमचे वडील. दोन रोल एकदम धुवायला टाकले तर स्टुडिओवाला सूट देतो, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पहिला रोल दुसऱ्याची वाट पाहत डबीत बसला. दुसरा रोल भरायच्या आत, पुढच्याच वर्षी, अण्णा गेले. सूट तेवढी राहून गेली.

रोल खिशात घालून मी आमच्या जुन्या स्टुडिओत गेलो. तिथे आता झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि मोबाइलची कव्हरं मिळतात. मालकांनी रोल हातात घेऊन, नातवाला वाघाचं नख दाखवावं तसा तो आपल्या पोऱ्याला दाखवला आणि मला प्रेमानं परत दिला. "साहेब, धुणारं मशीन भंगारात जाऊनही दहा वर्षं झाली."

त्या रात्री मला झोप येईना. वाङ्मयाचा पदवीधर अशा वेळी कविता वाचत असेल. मी वाणिज्य शाखेचा, मी मेलेल्या कंपनीचा हिशेब वाचायला घेतला. आणि पहिल्याच पानावर ताडकन उठून बसलो. कोडॅकचा संस्थापक जॉर्ज ईस्टमन हा बँकेतला कारकून होता!

वाचकहो, आमच्या जमातीत मोठी माणसं फार नाहीत. त्यामुळे मी हिला उठवून ही बातमी सांगितली. "मग तुम्हीही काहीतरी काढा," असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

हे ईस्टमनसाहेब अमेरिकेतल्या रॉचेस्टर गावच्या एका सेव्हिंग्ज बँकेत हिशेबनीस. दिवसभर खतावण्या आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात फोटोच्या काचांवर रसायनं फासण्याचे प्रयोग. १८८१ साली वरची जागा रिकामी झाली आणि ती हक्कानं ईस्टमनची असताना एका संचालकाच्या नातलगाला मिळाली. इथपर्यंतची कथा कुठल्याही बँकेत, कुठल्याही टेबलावर ऐकायला मिळेल. फरक पुढे आहे. आमच्यासारखा माणूस युनियनकडे अर्ज करून चहाला जातो. ईस्टमननं राजीनामा दिला आणि फोटोच्या काचांचा कारखाना चालवायला घेतला.

१८८८ साली त्यानं 'कोडॅक' हा कॅमेरा काढला. या शब्दाला अर्थ काहीही नाही. साहेबांना 'के' हे अक्षर आवडायचं, एवढंच. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. फोटो संपले की अख्खा कॅमेरा १० डॉलरसह रॉचेस्टरला पाठवायचा. ते फोटो छापून, नवी फिल्म भरून, कॅमेरा घरपोच परत करत. जाहिरातीचं वाक्य होतं : तुम्ही बटण दाबा, उरलेलं आम्ही करू. १९०० साली तर ब्राउनी नावाचा कॅमेरा एक डॉलरला आला.

यातली मेख बँकेच्या माणसाला लगेच कळते. कॅमेरा एकदाच विकायचा, ते मुद्दल. रोल जन्मभर विकायचे, ते व्याज. बारसं, मुंज, लग्न, सहल, प्रत्येक मंगल प्रसंगी व्याज. १९७६ च्या सुमारास अमेरिकेत खपणाऱ्या दर दहा रोलांपैकी नऊ कोडॅकचे असत, आणि १९८८ साली जगभर मिळून सुमारे १ लाख ४५ हजार माणसं या व्याजावर जेवत होती.

आता पेटंट म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. नवा शोध लावला की सरकार शोधकाला ठरावीक वर्षांचा सातबारा लिहून देतं. तेवढी वर्षं त्या जमिनीत दुसऱ्यानं नांगर घालायचा नाही. मुदत संपली की जमीन गावाची. योजना उत्तम. पण सातबारा आला की तलाठी आला आणि तलाठ्यामागून वकील आला.

कोडॅकला याचा चटका लवकर बसला. न्यूअर्कच्या हॅनिबल गुडविन नावाच्या एका पाद्र्यानं गुंडाळता येणाऱ्या फिल्मच्या पेटंटसाठी १८८७ साली अर्ज केला होता. तो मंजूर व्हायला ११ वर्षं लागली, म्हणजे सरकारी कचेऱ्या सगळीकडे सारख्याच. पाद्रीबाबा १९०० साली वारले. त्यांचा हक्क ज्या कंपनीकडे गेला तिनं दावा लावला आणि १९१४ साली ईस्टमनला ५० लाख डॉलर मोजावे लागले. पुढे झटपट फोटोच्या कॅमेऱ्यावरून पोलरॉइड कंपनीनं १९७६ साली दावा लावला. कोडॅक हरली, १९८६ साली तो धंदाच बंद करावा लागला आणि १९९१ साली ९२.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं. पण हे दोन्ही फिर्यादी घाम गाळणारे होते. स्वतः फिल्म आणि कॅमेरे बनवत होते, आणि आपल्या शेतात कुणी शिरलं म्हणून ओरडत होते. त्यांना नावं ठेवायचं कारण नाही.

नेमक्या याच काळात कोडॅकच्याच घरात तिचा काळ जन्माला आला. १९७५ साली स्टीव्हन सॅसन या तिथल्याच तरुण इंजिनिअरनं फिल्मशिवाय चालणारा पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर. एक फोटो कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद. साहेबलोकांनी तो पाहिला, छान आहे म्हणाले, आणि हे बाहेर कुणाला बोलू नकोस असं सुचवलं. आज आपण त्यांना हसतो. पण स्वतःला त्या खुर्चीत बसवून बघा. व्याज बंद पाडणारी योजना कारकुनानं आणली, तर आमचे मॅनेजर तरी तिला हार घालतील का? कोडॅकनं १९७८ साली तिचं पेटंट तेवढं घेतलं आणि कागद कपाटात ठेवला.

पुढे जग डिजिटल झालं. कोडॅकनंही कॅमेरे काढले, पण रोलाचं व्याज त्यात नव्हतं. २००४ साली डाऊ जोन्सच्या मानाच्या तीस कंपन्यांतून तिचं नाव गेलं. घरातली भांडी विकायची वेळ आली की माणसाला ट्रंकेतले कागद आठवतात. कोडॅकनं कपाट उघडलं.

इथे या गोष्टीत राक्षस येतो. उत्तर युरोपातल्या गोष्टींत ट्रोल नावाचा एक प्राणी असतो. तो पुलाखाली दबा धरून बसतो आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवतो. पूल त्यानं बांधलेला नसतो, हे मुद्दाम सांगतो. आपल्याकडे हेच काम पिंपळावरचा मुंजा करतो; मात्र तो वकिलाची नोटीस पाठवत नाही. इंटेल कंपनीचे एक वकील पीटर डेटकिन यांनी २००१ च्या सुमारास पेटंटवाल्यांच्या एका वर्गाला हे नाव चिकटवलं. आधी त्यांनी 'पेटंटचे खंडणीखोर' म्हटलं होतं, त्यावर अब्रुनुकसानीचा दावा लागला, म्हणून शब्द बदलला.

या ट्रोलाचा धंदा साधा आहे. बुडालेल्या कंपन्यांचे सातबारे स्वस्तात विकत घ्यायचे. स्वतः काही पिकवायचं नाही. जो पिकवतो त्याला नोटीस द्यायची. खटला लढायचा खर्च तडजोडीपेक्षा जास्त, म्हणून समोरचा मुकाट्यानं पैसे टाकतो. ब्लॅकबेरी फोनवाल्यांनी असेच २००६ साली एनटीपी नावाच्या, एकही फोन न बनवणाऱ्या कंपनीला ६१.२५ कोटी डॉलर दिले. टेक्सासमधलं मार्शल हे लहानसं गाव तर अशा दाव्यांचं पंढरपूर झालं होतं. तिथल्या कोर्टासमोर सॅमसंग कंपनीनं लोकांना बर्फावर घसरायला रिंगण करून दिलं. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं दावे कुठे लावायचे याला आळा घातला, तेव्हा ही वारी ओसरली.

कोडॅकला ट्रोल म्हणणं अन्यायाचं होईल. तिनं शंभर वर्षं खरोखर शेत कसलं होतं. पण उतारवयात माणूस कुणाच्या कट्ट्यावर बसू लागेल सांगता येत नाही. १९९७ साली वँग कंपनीचा सॉफ्टवेअरचा धंदा घेताना काही पेटंटं तिच्या पदरात पडली होती. त्यांच्या जोरावर २००४ साली तिनं जावा ही संगणकाची भाषा काढणाऱ्या सन कंपनीकडून ९.२ कोटी डॉलर वसूल केले. फोटोशी त्याचा काही संबंध नव्हता. मग सॅमसंगकडून ५५ कोटी, एलजीकडून ४१ कोटींच्या वर. चटक लागली. २०१० साली ॲपल आणि ब्लॅकबेरीवर दावा लावला. तो २०१२ साली फेटाळला गेला, पण त्याआधीच १९ जानेवारी २०१२ रोजी कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

शेवटी ट्रंकच लिलावात निघाली. सुमारे ११०० पेटंटं. सल्लागारांनी किंमत काढली होती २२१ ते २५७ कोटी डॉलर. आली ५२.७ कोटी. घेणाऱ्यांच्या टोळक्यात कोण होते? ॲपल, गूगल, सॅमसंग! ज्यांच्याकडून जकात वसूल करायची, त्यांनीच वर्गणी काढून नाका विकत घेतला. आणि ही वर्गणी जमवण्यात पुढाकार इंटेलेक्च्युअल व्हेंचर्स या कंपनीचा. हिच्याकडे हजारो पेटंटं. लोक तिला ट्रोल म्हणतात, ती नाही म्हणते. ट्रोल हा शब्द रूढ करणारे डेटकिनसाहेब पुढे याच कंपनीत दाखल झाले होते. मुंजा उतरवणारा मांत्रिक शेवटी पिंपळावरच राहायला गेला म्हणायचा.

आपल्या देशाचा या बाबतीत मला थोडा अभिमान आहे, आणि तोही एका फॉर्मचा. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे पेटंटधारकाला ठरावीक मुदतीनं फॉर्म नंबर २७ भरावा लागतो : तुमचा शोध या देशात वापरात आहे की नाही, ते सांगा. म्हणजे पीकपाहणीच! सातबारा तुझा आहे हे कळलं, पण पेरलंस काय? हा फॉर्म ज्यानं सुचवला तो बहुधा कारकून असावा.

आता जमेची बाजू. कागद पाव किमतीत गेले. फिल्मचा कारखाना मात्र उरला. २०१३ साली कोडॅक दिवाळखोरीतून बाहेर आली आणि रॉचेस्टरला फिल्म बनत राहिली. २०२३ साली आलेल्या 'ओपनहायमर' सिनेमासाठी तर तिनं खास कृष्णधवल फिल्म बनवून दिली. ज्याच्यावर हक्क सांगितला ते गेलं. जे हातानं करता येत होतं ते राहिलं.

हे वाचल्यावर मला धीर आला. जगात फिल्म बनते आहे म्हणजे ती धुणारा कुणीतरी असणारच. शोधता शोधता मुंबईत एक जण सापडला. तीन आठवड्यांनी पाकीट आलं. ३६ पैकी ११ फोटो उमटले होते, तेही पावसात भिजल्यासारखे. आई, मी, समुद्र, पुन्हा आई, बहुधा एक गाय. अण्णा कुठेच नाहीत, कारण कॅमेरा त्यांच्याच हातात होता.

"हे बघा," ही म्हणाली. एका फोटोत कोपऱ्यातून अंगठा डोकावत होता. आणि शेवटच्या फोटोत आम्ही वाळूत ओळीनं उभे, आणि आमच्या पायांपर्यंत येऊन पोचलेली एक लांब सावली. दोन्ही कोपरं वर, टोपी तिरकी.

पाकिटात बिल होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : दोन रोल एकदम दिल्यास सवलत.