धमकी आणि तडजोड

बांधावरून जुंपली की “तुला पाहून घेईन” हे शब्द खानदेशात नवे नाहीत. १९०६ साली या मुलखाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. धमकीचा कायदा मात्र १८६० च्या दंडसंहितेतला: दोन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तरी साध्या धमकीची शिक्षा तीच राहिली.

असा खटला आपसांत मिटवता येतो. २००७ च्या तंटामुक्त गाव मोहिमेनेही समेटावरच भर दिला. पण एवढे ध्यानात ठेवा, तडजोडीचा हक्क ज्याला धमकावले त्याचाच. पंचांचा नव्हे, पाटलाचाही नव्हे. भीतीपोटी केलेल्या सहीला समेट कसे म्हणायचे?