पाटी आणि टकळी

मुलांच्या हातीं पाटीबरोबर टकळीहि कां द्यावी, हा प्रश्न १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्याच्या शिक्षणपरिषदेपुढें आला. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षांचें मोफत, सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून द्यावें व एखादा उत्पादक हस्तव्यवसाय त्याचा मध्यबिंदु असावा, असें ठरलें. सुताचे तार मोजतां गणित यावें, कापसाच्या पाठोपाठ भूगोल यावा, ही कल्पना. पण त्याच कमाईंतून शिक्षकांचें वेतन निघावें, ही अपेक्षा अनेकांस खुपली. शाळेचा कारखाना होईल, ही भीति. डॉ. झाकीर हुसेन समितीनेंहि आपल्या अहवालांत हा धोका बोलून दाखविला. हात शिकवावयाचा तो बुद्धि जागी व्हावी म्हणून. हा विवेक सुटल्यास टकळी काय नि यंत्र काय, मूल मजूरच ठरेल.