फ्रेडरिक जॅक्सन टर्नर : वस्तीच्या कडेचा इतिहासकार

फ्रेडरिक जॅक्सन टर्नर (१४ नोव्हेंबर १८६१ – १४ मार्च १९३२) हे अमेरिकेतील वसाहतीच्या विस्ताराचा अभ्यास करणारे इतिहासकार. अमेरिकेचा स्वभाव व तिची लोकशाही युरोपातून तयार होऊन आलेली नाही, तर पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वस्तीच्या कडेवर घडली, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. ‘फ्रंटियर सिद्धान्त’ या नावाने तो ओळखला जातो.

आपल्याकडे ‘सीमाभाग’ म्हटले की बेळगाव, निपाणी, खानापूर आठवते, म्हणजे दोन राज्यांमधली रेघ. टर्नर यांची सीमा तशी नव्हे. जिथे दाट वस्ती संपते आणि विरळ मुलूख सुरू होतो ती कड, असा तिचा अर्थ. अमेरिकी जनगणनेत दर चौरस मैलाला दोन माणसे हे माप धरले जाई. त्याहून कमी वस्तीचा प्रदेश सीमेपलीकडचा समजत.

जन्म व शिक्षण

टर्नर यांचा जन्म विस्कॉन्सिन राज्यातील पोर्टेज या गावी झाला. फॉक्स आणि विस्कॉन्सिन या दोन नद्यांमधील जमिनीच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून होड्या वाहून नेण्याची ही जागा, त्यावरूनच गावाचे नाव पडले. वडील अँड्र्यू जॅक्सन टर्नर वृत्तपत्राचे संपादक होते व स्थानिक राजकारणातही वावरत. लाकूडतोडे, नवे आलेले युरोपीय शेतकरी आणि मूळचे हो-चंक लोक हे सगळे या गावाच्या आसपास होते. हो-चंक लोकांना त्या भागातून सक्तीने हलवले जात होते, तेही टर्नर यांनी लहानपणी पाहिले.

विस्कॉन्सिन विद्यापीठातून ते १८८४ साली पदवीधर झाले. तेथील प्राध्यापक विल्यम फ्रान्सिस अ‍ॅलन यांनी त्यांना मूळ कागदपत्रांवरून इतिहास लिहायला शिकवले. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १८९० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रबंधाचा विषय गावाजवळचाच होता : विस्कॉन्सिनमधील केसाळ कातड्यांचा व्यापार. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन तेव्हा तिथे व्याख्याने देत. त्या दोघांची मैत्री तिथेच जुळली.

१८९३ चे शिकागो

जॉन्स हॉपकिन्समधील त्यांचे गुरू हर्बर्ट बॅक्स्टर अ‍ॅडम्स यांचे म्हणणे असे, की अमेरिकी संस्थांचे बीज जर्मन जंगलातल्या प्राचीन टोळ्यांमध्ये आहे. टर्नर यांना ते पटले नाही. बीज कुठलेही असो, माती कोणती हे पाहायला नको का, असा त्यांचा रोख होता.

१८९० च्या जनगणनेच्या अहवालात, आता वस्तीची सलग अशी सीमारेषा दाखवता येत नाही, अशी नोंद होती. हाच धागा धरून १२ जुलै १८९३ रोजी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहास परिषदेत त्यांनी ‘अमेरिकी इतिहासातील सीमेचे महत्त्व’ हा निबंध वाचला. त्यांचे वय होते ३१. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत दोन महिन्यांनी स्वामी विवेकानंद बोलले. विवेकानंदांच्या भाषणाची चर्चा लगेच झाली. टर्नर यांच्या निबंधाची दखल त्या दिवशी जवळपास कोणी घेतली नाही.

निबंधातील मुद्दा थोडक्यात असा : आधी व्यापारी, मग गुरे पाळणारा, मग शेतकरी, मग शहर, अशा लाटा एकामागून एक पश्चिमेकडे गेल्या. प्रत्येक लाटेत माणसाला जुन्या सवयी टाकून नव्याने सुरुवात करावी लागली. त्यातून स्वावलंबन, समतेची ओढ व धडपडी वृत्ती आली. मोकळी जमीन संपली, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाचा पहिला खंड संपला.

अध्यापन व लेखन

विस्कॉन्सिनमध्ये दोन दशके शिकवून १९१० साली ते हार्वर्डला गेले. त्याच वर्षी अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. जमिनीचे दस्त, मतदानाचे आकडे, जनगणना, पर्जन्य व मातीचे नकाशे एकमेकांवर ठेवून ते विद्यार्थ्यांना निष्कर्ष काढायला लावत. कार्ल बेकर, मर्ल कर्टी यांसारखे इतिहासकार त्यांच्या हाताखाली तयार झाले.

पुस्तके मात्र त्यांच्या हातून थोडी झाली. प्रकाशकांशी करार होत, टिपणांच्या पेट्या भरत, हस्तलिखित पुरे होत नसे. १८९९ या एकाच वर्षात त्यांची दोन मुले गेली. त्या आघाताने काही काळ कामही मंदावले. ‘राइज ऑफ द न्यू वेस्ट’ (१९०६) आणि निबंधसंग्रह ‘द फ्रंटियर इन अमेरिकन हिस्टरी’ (१९२०) ही त्यांच्या हयातीत आलेली मुख्य पुस्तके. १९२४ मध्ये निवृत्त झाल्यावर अखेरची वर्षे त्यांनी कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन ग्रंथालयात संशोधनात घालवली. ‘द सिग्निफिकन्स ऑफ सेक्शन्स इन अमेरिकन हिस्टरी’ या संग्रहाला १९३३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, पुलित्झर पारितोषिक मिळाले.

टीका

टर्नर ज्या जमिनीला मोकळी म्हणत, ती मोकळी नव्हती, हा सर्वांत मोठा आक्षेप. जनगणनेने सीमा संपल्याचे सांगितले त्याच १८९० सालच्या डिसेंबरात वूंडेड नी येथे सैन्याने दीडशेहून अधिक लाकोटा स्त्री-पुरुष व मुले मारली. बालपणी हो-चंकांचे विस्थापन पाहिलेल्या माणसाच्या सिद्धान्तात मूळ रहिवासी बहुतेक अडथळा म्हणूनच येतात. स्त्रिया, मेक्सिकन, कृष्णवर्णीय यांना त्यात फारशी जागा नाही. शहरातला गरीब कामगार पश्चिमेला जाऊन शेतकरी होऊ शके, हेही पुढच्या संशोधकांना मान्य झाले नाही, कारण शेत उभे करायला भांडवल लागे. पॅट्रिशिया लिमरिक यांनी १९८७ मध्ये ‘द लेगसी ऑफ कॉन्क्वेस्ट’ या पुस्तकात पश्चिमेचा इतिहास हा जिंकण्याचा व वाटणीचा इतिहास म्हणून मांडला.

आपल्यासाठी

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा येथे आपले पूर्वज होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांबरोबर आले, ते वसलेल्या मुलखात, आधीच्या लोकांशेजारी. म्हणून टर्नर यांचा सिद्धान्त आपल्याला लागू पडत नाही. त्यांची पद्धत मात्र घेण्यासारखी आहे. त्यांनी इतिहास शोधला तो तहसिलीतल्या दप्तरात, साध्या माणसांच्या नोंदींत. आपल्या घरांतली जुनी खरेदीखते, वतनाचे कागद, शाळेचे दाखले, मंडळांची इतिवृत्ते हा त्याच जातीचा ऐवज आहे. तो वाचताना टर्नर यांनी न विचारलेला प्रश्नही विचारायला हवा : आपण आलो तेव्हा इथे आधी कोण होते, आणि त्यांच्या कागदांत आपण कसे दिसतो?